माप आणि माया

(संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त बीड येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक व त्यापुढे गुरुजींचे प्रशिक्षण एवढेच आमचे शिक्षण. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून १९७८ पासून २०१६ पर्यंत मुलांना बाराखडी व पाढे शिकविणे एवढाच आमचा व्यवसाय. तथापि पासष्टी उलटली की मनुष्यापाशी दुसरे काही नसले तरी आठवणी विपुल असतात. म्हणून आठवणींविषयी, आणि एका जन्मात माणूस किती बदलतो याविषयी, आमच्या अनुभवाचे दोन बोल सांगावे असे आम्ही योजिले. यात आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाचाही कबुलीजबाब आहे. तो चारचौघांत द्यावा, तरच आमच्या मनाचे ओझे हलके होईल, असे वाटल्यावरून येथे उभे आहोत.

आमचे गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेवर. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. आमचे वडील गावचे शिंपी. त्यांना सर्वजण दादा म्हणत, आम्हीही दादाच म्हणत असू. त्यांचा जन्म निजामाच्या अमदानीतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. अशा रीतीने वेशीबाहेर बिऱ्हाड न हलविता दादा तीन राज्यांचे रहिवासी झाले. त्यांच्या देखत हाली रुपया गेला, आणे-पैसे जाऊन नवे पैसे आले, वारावर मिळणारे कापड मीटरवर मिळू लागले. मात्र आपल्या टेपावरचा इंच कोणाच्या बापाने हलविला नाही, असे ते हसून म्हणत.

दादांपाशी मापाची एक जाड वही होती. एका सावकाराच्या दुकानी लहानपणी उमेदवारी करताना ते मोडी शिकले होते, म्हणून वही मोडीत. एकेका गिऱ्हाइकास एकेक पान. छाती, कमर, खांदा, बाही, गळा, उंची. एकच मनुष्य त्या पानावर प्रथम शाळेच्या सदऱ्यासाठी येई, मग लग्नाच्या कोटासाठी, मग पोट सुटल्यावर, आणि शेवटी म्हातारपणी खांदे उतरल्यावर. बावीस इंचांची छाती वाढत वाढत चाळिसावर जाई आणि पुन्हा चौतिसावर येई. वर एकच नाव, खाली तारखेगणिक वेगळा माणूस.

पुष्कळ गिऱ्हाइके घाईत म्हणत, "माप आहेच की वहीत, त्यावरच शिवा." दादा ऐकत नसत. ते म्हणत, "वहीतला माणूस निराळा अन् समोरचा निराळा. हुभं राहा." आणि टेप लावीत. नवे माप ते जुन्याच्या खाली लिहीत. जुने कधी खोडीत नसत. शिवाय कापड बेतताना शिवणीत माया ठेवीत. आपल्या धंद्यातील लहान मुलासही माया म्हणजे काय ते ठाऊक आहे. अंग भरले तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून आत दडवून ठेवलेले ते बोटभर कापड. आपल्या भाषेने त्या कापडास आणि अंतःकरणातील ओलाव्यास एकच शब्द दिला आहे. तो ज्याने प्रथम दिला, तो निश्चितच आपल्या धंद्याची जाण असलेला असला पाहिजे.

आता आमच्या अपराधाकडे वळतो.

१९७२ चा दुष्काळ येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्यापूर्वीची दोन वर्षेही पावसाने दगाच दिला होता. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसू लागले. खडी फोडणे, रस्ते, नाला बांध, पाझर तलाव अशी दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची योजना उभी राहिली व १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या दिवसांत आम्ही चौदा वर्षांचे. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, आणि सुईदोऱ्याची सवय असलेल्या दादांच्या हातातील खडी फोडण्याचा हातोडा, हे सारे आमच्या डोळ्यांपुढे अजून उभे आहे.

अंगावर नवा कपडा चढविण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. शिलाई बंद पडली होती. त्याच हिवाळ्यात घरातील एकुलती एक मशीन आमचे धाकटे चुलते घेऊन गेले. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. ते नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी साखर कारखान्यांच्या मुलखात गेले. तिकडे पाटपाणी होते, ऊसतोडीला आमच्याकडची माणसे जात होती, आणि कपडे शिवून घेणारेही होते.

पहाटेचे धुके आहे, तांबडी एस.टी. उभी आहे, गोधडीत गुंडाळलेली मशीन टपावर चढविली जात आहे, तात्या मागे वळून पाहत नाहीत, आणि ओट्यावर दादा मान खाली घालून बसले आहेत. हे चित्र आम्ही चव्वेचाळीस वर्षे मनात बाळगले. दादांच्या हातात हातोडा आला तो तात्यांमुळे, असा आमचा पक्का समज झाला. पुढे आम्ही नोकरीस लागलो, घर सावरले, परंतु तात्यांचे नाव काढू दिले नाही. लग्नकार्यात त्यांना पत्रिका नाही, मुलांना त्यांची ओळख नाही. १९८८ साली दादा वारले तेव्हा तात्या रात्रीचा प्रवास करून आले आणि दारातील लिंबाखाली उभे राहिले. आम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. दहन होताच ते आल्या पावली परतले.

२०१६ साली निवृत्त झाल्यावर जुनी ट्रंक उघडली. तीत मापाची वही निघाली. आम्हांस मोडी येत नाही. बीडमधील एका वृद्ध निवृत्त कारकुनांस जुने दस्तऐवज वाचण्याचा सराव होता. त्यांच्यापुढे वही ठेविली. पाने उलटता उलटता ते एका पानाशी थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, हे माप नव्हे, हा हिशेब आहे." त्या पानाच्या माथ्यावर लिहिले होते, "मशीन धाकट्यास दिली. येथे काम नाही." त्याखाली मनीऑर्डरींच्या नोंदी. १९७३ च्या जानेवारीपासून १९७४ च्या अखेरीपर्यंत अठरा नोंदी. काही वीस रुपयांच्या, काही पंचवीसच्या. एकूण रुपये ३९०. शेवटच्या नोंदीपुढे दादांचे शब्द होते, "थोरल्याच्या मॅट्रिकच्या फीस."

तो थोरला म्हणजे आम्ही. ज्या मॅट्रिकच्या बळावर आम्ही गुरुजी झालो, त्या मॅट्रिकची फी त्या मशीनवरून आली होती.

आम्ही थोरल्या बहिणीकडे गेलो आणि त्या पहाटेचा प्रसंग काढला. ती म्हणाली, "अरे, तू तवा हितं होतास कुठं? आपण दोघं आजोळी होतो. तुला गोवर निघाला होता. आपण आलो तर मशीनची जागा मोकळी. आई म्हणाली, मशीन गेली."

बंधुभगिनींनो, आई म्हणाली 'गेली'. आमच्या मनात झाले 'नेली'. एका अक्षराचा फरक. परंतु तेवढ्याने एक मनुष्य चोर ठरला. आणि जे आम्ही पाहिलेच नव्हते ते धुके, ती एस.टी., ती गोधडी आमच्या मनाने कोठून तरी गोळा करून त्या अक्षराभोवती उभी केली.

पुढे आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखविले होते की, आठवण ही पेटीत जपून ठेवलेली वस्तू नव्हे; मन ती प्रत्येक वेळी नव्याने रचते. ऐकलेली गोष्ट माणसे काही काळाने पुन्हा सांगू लागली की, तीतील परका भाग गाळतात आणि आपल्या समजुतीला जुळेल तो भरतात. अमेरिकेत १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांस मोटारींच्या अपघाताचे चित्रपट दाखविले. प्रश्नात सौम्य क्रियापद वापरले तेव्हा विद्यार्थ्यांनी मोटारींचा वेग कमी सांगितला. जोरदार क्रियापद वापरले तेव्हा अधिक सांगितला. आठवड्याने, फुटलेल्या काचा पाहिल्या काय, असे विचारले असता जोरदार क्रियापद ऐकलेल्यांपैकी अधिक जणांनी होय म्हटले. चित्रपटात काच फुटलेलीच नव्हती! हे वाचले आणि आमच्या 'गेली' व 'नेली'चा उलगडा झाला. आमचे मन खोटे बोलले नव्हते. त्याने केवळ ठिगळ लावले होते, आणि ते इतके बेमालूम की, शिंप्याच्या पोरालाही ओळखता आले नाही.

मग दादा का बोलले नाहीत? हा प्रश्न आम्ही स्वतःस पुष्कळ वेळा विचारला. त्याचे उत्तर वहीत नाही. आम्हांस वाटते, धाकट्या भावाच्या मिळकतीवर घर चालते हे मुलांपुढे उच्चारणे त्या मानी मनुष्यास जड गेले असावे. आणि आम्ही तरी त्यांना कधी विचारले होते? आमचे चित्र पक्के होते. पक्क्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

२०१७ च्या आरंभी आम्ही वही घेऊन तात्यांकडे गेलो. घर नीटनेटके, पडवीत तीच मशीन. आमच्या चुलतभावाच्या पत्नीने पाणी दिले आणि हळूच म्हटले, "भाऊजी, मामा आता कुणाला ओळखत नाहीत." तात्या खाटेवर बसले होते. आम्ही नाव सांगितले, पाया पडलो, वहीतील नोंदी वाचून दाखविल्या, क्षमा मागितली. त्यांच्या मुद्रेवर काहीच उमटले नाही. आम्ही निघण्यासाठी उठलो तेव्हा मात्र ते उठले, मशीनवर टांगलेला टेप काढला, आमच्या पाठीमागे आले आणि आमच्या खांद्यावर टेप धरला. हात कापत नव्हते. म्हणाले, "दादा, खांदा उतरला तुमचा. माया जास्ती ठेवतो."

त्यांनी आम्हांस आमचे वडील समजले होते. डॉक्टर सांगतात की, अशा आजारात नावे व चेहरे आधी जातात, परंतु हातांना जडलेले काम पुष्कळदा मागे राहते. असेल. आम्ही क्षमा मागावयास गेलो होतो. ज्यांच्याकडे मागितली त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. २०१९ साली तात्या गेले. त्या वेळी आम्ही त्यांच्या खाटेशी होतो, एवढेच.

मंडळी, हे सर्व आपणांस सांगण्याचे प्रयोजन आता सांगतो. आपण सारे मापाची माणसे. आपल्या हातातील टेप आपण रोज गिऱ्हाइकाला लावतो. परंतु भाऊबंदांना, सोयऱ्यांना जुन्या मापावरच शिवतो. स्थळ आले की प्रथम निघते ते "त्यांच्या आजोबाने अमक्या लग्नात पंगतीतून ताट ढकलले होते." आजोबा गेले, पंगत उठून पन्नास वर्षे झाली, मुलगी शिकून परिचारिका झाली; पण माप मात्र आजोबांचे. असे कपडे कोणाच्या अंगाला बसणार?

आज ज्यांची पुण्यतिथी आपण साजरी करीत आहोत त्या नामदेव महाराजांचेच चरित्र पाहावे. कथा सर्वांस ठाऊक आहे. तेर येथे गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव रुसले, पंढरीस परतले, आणि तेथून औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. हे विसोबा कोण? ज्यांनी एके काळी ज्ञानदेवांचा छळ केला असे परंपरा सांगते, तेच. एके काळचा छळणारा गुरू झाला आणि एके काळचे कच्चे मडके असे पक्के झाले की, त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात विराजमान झाली. संतमंडळींनी नामदेवांना जन्मभर कच्चे मडके म्हणून हिणविले असते, किंवा नामदेवांनी विसोबांचे जुने वर्तन मनात धरून औंढ्याची वाट टाळली असती, तर आज आपण कोणाच्या पायरीस वंदन केले असते?

आमच्या शाळेतीलही एक उदाहरण सांगतो. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात आम्ही वर्षामागून वर्षे एकच शेरा लिहिला, "अभ्यासात लक्ष नाही." त्यास छडीही पुष्कळ दिली, ती आठवली की आम्हांस लाज वाटते. पंचवीस वर्षांनी तो आठवडी बाजारात भेटला. आता तो विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, ग्रामसभेत उभा राहून मुद्देसूद बोलतो. आम्ही छडीचा विषय काढला तर तो म्हणाला, "ते काय आठवत नाही, गुरुजी. आई-बाप ऊसतोडीला गेले तवा तुम्ही मला शाळेत झोपू देत होता, ते आठवतं." आणि आम्हांस ती गोष्ट मुळीच आठवत नव्हती! आमच्या वहीत त्याचे माप चुकले होते, आणि आमचे स्वतःचेही.

येथे कोणी विचारील, मग काय सारे जुने अपराध विसरावे? तसे आमचे म्हणणे नाही. दादा जुने माप खोडीत नसत, हे आम्ही आधीच सांगितले. ज्याने खरोखर लुबाडले, ज्याने सुनेस छळले, त्याची नोंद राहिलीच पाहिजे. आणि नव्याने टेप लावूनही तोच आकडा आला तर तसे स्पष्ट म्हणावे. परंतु टेप लावल्याशिवाय म्हणू नये. न्यायाला माप लागते. ऐकीव गोष्टीवर न्याय होत नाही.

आणखी एक गोष्ट तरुणांसाठी. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात जोर्डी क्वाइडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्या नातवाने तो आम्हांस भ्रमणध्वनीवर वाचून दाखविला. अठरा ते अडुसष्ट वयाच्या १९,००० हून अधिक माणसांचा विचार त्यात केला होता. मागील दहा वर्षांत आपण पुष्कळ बदललो असे लोक मान्य करीत. पण पुढील दहा वर्षांत आपण फारसे बदलणार नाही, असेच प्रत्येक वयाच्या माणसांस वाटत होते. म्हणजे प्रत्येकास वाटते की, आपला कपडा आता कायमचा बेतला गेला. आम्हांसही साठाव्या वर्षापर्यंत तसेच वाटत होते. म्हणून रागाच्या भरात कोणाशी जन्माची गाठ तोडताना, किंवा "मी हा असाच" असे म्हणताना, शिवणीत बोटभर माया राहू द्यावी. पुढे ती उसवून सैल करण्याची वेळ आपल्यावरच येते.

शेवटी वडीलधाऱ्यांस हात जोडून एक विनंती. आपल्या घरातील गोष्टी मुलांना सांगाव्यात, आणि साल घालून लिहून ठेवाव्यात. कोणी किती दिले, कोणी केव्हा आधार दिला, हे अवश्य लिहावे. आपण कोणाचे देणे लागतो हे तर प्रथम लिहावे. ते मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. दादांनी सत्य लिहून ठेविले होते, परंतु ते मोडीत राहिले आणि आमची चव्वेचाळीस वर्षे गेली. ज्यांचे मोठे भाऊ-बहिणी हयात आहेत त्यांनी या पावसाळ्यातच त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि विचारावे, "त्या दिवशी नक्की काय झाले होते?" उत्तर आपल्या चित्राशी जुळले नाही तर रागावू नये. तेच उत्तर अधिक लक्ष देऊन ऐकावे.

आमच्या घरी आज ती मशीन आहे. चुलतभावाने ती आपणहून आणून दिली. आम्हांस शिलाई येत नाही, नातीस येते. तिच्या उशाशी ती मापाची वही ठेविली आहे, आणि त्या हिशेबाच्या पानाखाली आम्ही बाळबोधीत एक ओळ लिहिली आहे: "रुपये ३९० पावले. उशिरा कळले."